बंदुकांच्या घराण्यातला सायलेन्सर

कल्याण स्थानकाबाहेरचा रिक्षा स्टँड, डोंबिवलीत एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गॅरेजे किंवा ठाण्याचा घोडबंदर रस्ता, या पट्ट्यात ‘सायलेन्सर’ हा शब्द दिवसाकाठी किती वेळा उच्चारला जात असेल याची गणती नाही. सायलेन्सर फुटतो, गंजतो, पायाला चटका देतो आणि पावसाळ्यात पाणी त्याच्या वर चढले की रिक्षा जागीच बंद पडते. मराठी माणसाने हा शब्द इतका आपलासा केला आहे की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. याच शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांना ठाऊक आहे तो हिंदी चित्रपटांमुळे. खलनायक खिशातून एक नळकांडे काढतो, सावकाश पिस्तुलाच्या तोंडावर फिरवून बसवतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ऐकू न जाता काम उरकतो.

रस्त्यावरचा सायलेन्सर आणि पिस्तुलावरचा सायलेन्सर, या दोहोंसाठी ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली तो माणूस एकच. हायरम पर्सी मॅक्सिम हे त्यांचे नाव. मोटारीचा सायलेन्सर त्यांनीच शोधून काढला असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. तशी साधने त्यांच्याआधीही होती. तथापि बंदुकीचा आवाज कोंडणारे, बाजारात खपलेले पहिले यशस्वी साधन त्यांचे होते आणि त्यामागचे तत्त्व पुढे इंजिनाच्या धुराड्याकडे वळवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

मॅक्सिम हे आडनाव ऐकताच इतिहासाच्या वाचकाला आठवते ती मॅक्सिम गन. एकदा चाप दाबला की स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर पुढची गोळी भरून घेणारी आणि मिनिटाला शेकडो गोळ्या ओकणारी ही तोफ १८८४च्या सुमारास लंडनमध्ये तयार झाली. तिचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे पर्सी यांचे वडील. १८९३ मध्ये माताबेलेभूमीत आणि १८९८ मध्ये सुदानातील ओम्दुर्मान येथे या तोफेने साम्राज्याच्या बाजूने काय केले, हे आफ्रिकेच्या इतिहासात रक्ताने नोंदले गेले आहे. त्या तोफेने खुद्द आपल्या निर्मात्याकडूनही किंमत वसूल केली. वर्षानुवर्षे तिच्या शेजारी उभे राहून चाचण्या घेतल्यामुळे थोरल्या मॅक्सिम यांना उतारवयात जवळजवळ ठार बहिरेपण आले. चुलते हडसन मॅक्सिम हे धूरविरहित दारूचे आणि स्फोटकांचे संशोधक. प्रयोगशाळेतील एका स्फोटात त्यांनी आपला डावा हात गमावला होता. अशा धडाडधूम घराण्यात ज्याचा जन्म झाला, त्याने आवाज शमवण्याचा ध्यास घ्यावा, हा नियतीचा विनोदच म्हटला पाहिजे.

पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथे झाला. वडील विजेच्या दिव्यांच्या व्यवसायात होते. घरी असत तेव्हा मुलांसाठी ते जादूगारच असत. खेळणी बनवून देत, नाना प्रयोग करून दाखवत, शेजाऱ्यांच्या खोड्या काढत. पण १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनासाठी ते युरोपात गेले आणि अमेरिकेतील संसाराकडे पुन्हा कधी वळलेच नाहीत. इंग्लंडमध्ये त्यांनी दुसरा संसार मांडला, तोफेचा कारखाना काढला, ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले आणि १९०१ मध्ये ते ‘सर’ झाले. इकडे अमेरिकेत आई जेन आणि दोन बहिणी यांच्यासह पर्सी मोठे होत राहिले. बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेले हे पोरकेपण त्यांनी कधी चव्हाट्यावर मांडले नाही. आयुष्याच्या अखेरीस वडिलांवर पुस्तक लिहिले तेही मिश्कील आठवणींचे. त्यात तक्रारीचा सूर नाही.

मॅसॅच्युसेट्समधील प्रख्यात एमआयटीतून ते १८८६ मध्ये बाहेर पडले तेव्हा त्यांचे वय होते अवघे सोळा. विजेच्या कंपन्यांत काही वर्षे उमेदवारी केल्यावर लिन या गावी तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना अधिकाराची जागा मिळाली. शेजारच्या सेलम गावी त्यांचे जाणे-येणे असे. रात्री उशिरा सायकलवरून एकटेच परतताना, पाय मारण्याचे हे काम एखाद्या लहानशा इंजिनाने केले तर काय बहार होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. साल १८९२. जर्मनीत बेंझ आणि डाइम्लर यांनी मोटारी कधीच चालवल्या होत्या, पण त्याची वार्ता या तरुणाला नव्हती.

त्यांनी पेट्रोलची लहान बाटली विकत आणली. कारखान्यात तोफेच्या रिकाम्या काडतुसांचा तोटा नव्हता. तशा एका काडतुसात पेट्रोलचा एक थेंब टाकून त्यांनी आत पेटती काडी सोडली. जो भडका उडाला त्याने पेट्रोलमधील ताकद आणि धोका या दोहोंची एकाच वेळी ओळख करून दिली. पुढची तीन वर्षे कारखान्याचे काम संपल्यावर रात्री जागून त्यांनी तीन सिलिंडरांचे इंजिन घडवले आणि एका जुन्या तीनचाकीवर चढवले. तिची पहिली फेरी खड्ड्यात संपली. पण त्यांचे नाव सायकलींचे सम्राट कर्नल आल्बर्ट पोप यांच्या कानावर गेले आणि १८९५ मध्ये हार्टफर्ड येथील पोप कंपनीच्या मोटार विभागात त्यांची नेमणूक झाली. कनेक्टिकट राज्यातील हे शहर पुढे त्यांची कायमची कर्मभूमी झाले.

कर्नलसाहेबांचा कल विजेवर चालणाऱ्या मोटारींकडे होता. पेट्रोलच्या धडधडणाऱ्या, थरथरणाऱ्या, दुर्गंधी सोडणाऱ्या यंत्रावर शहाणासुरता माणूस बसणार नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. पर्सी यांनी विजेच्या गाड्या उत्तम बांधल्या, पण मन पेट्रोलवरच होते. १८९९ मध्ये ब्रॅनफर्ड येथील बंदिस्त धावपट्टीवरील शर्यत त्यांनी पेट्रोलच्या गाडीने जिंकली. मात्र एक गोष्ट त्यांना पटली होती. गाडीला लोकांचा विरोध होता तो तिच्या गोंगाटामुळे. घोडे बुजत, म्हातारीकोतारी दचकत, रविवारची प्रार्थना बिघडे. धुराड्यातून फटाफट बाहेर पडणारा वायू शांत केला तर अर्धे भांडण मिटेल, हे गणित त्यांच्या डोक्यात तेव्हापासून घोळत होते. १८९८ मध्ये मेरीलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बंदुकीकडे ते वळले ते या वाटेने. वायू एकदम सुटला की स्फोट ऐकू येतो. तोच वायू अडवत, फिरवत, हळूहळू सोडला की आवाज मावळतो. इंजिन असो वा बंदूक, तत्त्व तेच. पण बंदुकीत अडचण अशी की वायू अडवावा तर गोळी अडते आणि गोळीला वाट द्यावी तर वायू निसटतो. आरंभी त्यांनी गोळी गेल्याबरोबर तोंड मिटणाऱ्या झडपा करून पाहिल्या. त्या व्यवहारात टिकेनात. कोडे सुटले ते स्नानगृहात, अशी हकिकत सांगितली जाते. टबातील पाणी सोडताना त्याचा भोवरा झाला. पाणी गोल गोल फिरत सावकाश उतरत होते आणि भोवऱ्याच्या मध्यभागी मोकळी पोकळी तशीच राहिली होती. गोळी त्या पोकळीतून सरळ जाईल आणि वायू कडेने भोवऱ्यात गरगरत बसेल! न्यूटनचे सफरचंद आणि आर्किमिडीजचा टब यांच्या पंक्तीला ही कथाही बसवायला हरकत नाही. तिच्यावर मीठमसाला किती हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ३० मार्च १९०९ रोजी मिळालेल्या त्यांच्या ९,१६,८८५ क्रमांकाच्या पेटंटात वायूला फिरवत ठेवण्याचे हेच तत्त्व आहे.

वार्ताहरांपुढे प्रात्यक्षिके झाली, कंपनी निघाली, आणि लवकरच अमेरिकेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत खिळे-मोळ्यांच्या शेजारी मॅक्सिम सायलेन्सर मिळू लागला. टपालानेही मागवता येई. परसात नेमबाजीचा सराव करावा आणि शेजाऱ्याची झोपमोड होऊ नये, असा त्याचा घरगुती प्रचार होता. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीवरही तो बसवलेला होता. सभ्य गृहस्थाच्या सभ्य छंदाचे हे साधन, अशीच पर्सी यांची स्वतःची समजूत होती. गोंगाटाला ते असंस्कृतपणा मानत.

या साधनाच्या गुणदोषांची तुलना तेव्हाच सुरू झाली आणि ती आजतागायत संपलेली नाही. १९०९च्या नमुन्यात गोळीचे भोक नळकांड्याच्या बरोबर मध्यावर होते. त्यामुळे नळकांडे वर डोकावून नेमाच्या आड येई. पुढच्याच वर्षीच्या नमुन्यात पर्सी यांनी भोक वरच्या अंगाला सरकवले. नळकांड्याचे पोट खाली लोंबू लागले आणि नेम मोकळा झाला. रॉबर्ट मूर नावाच्या दुसऱ्या संशोधकाचा सायलेन्सरही त्याच काळात मैदानात उतरला होता. लष्कराने मॅक्सिम आणि मूर या दोन्ही साधनांच्या चाचण्या घेतल्या. अडचण अशी की आवाज मोजण्याचे भरवशाचे यंत्रच त्या काळी नव्हते. डेसिबल हे एकक रूढ झाले ते १९२०च्या दशकात, टेलिफोनच्या तारांवरील संशोधनातून. तोवर दूर उभ्या केलेल्या माणसाचे कान हेच मोजमाप होते आणि दोन माणसांचे कान कधी सारखे नसतात.

चाचण्यांतून एक सत्य मात्र पुढे आले. बंदुकीचा आवाज हा एक आवाज नसून तीन आवाज असतात. नळीच्या तोंडातून फुटणाऱ्या वायूचा धमाका हा पहिला. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत उमटणारा चाबकासारखा कडकडाट हा दुसरा. घोडा आपटण्याचा आणि पुढचे काडतूस भरताना लोखंडावर लोखंड घासल्याचा खडखडाट हा तिसरा. सायलेन्सरचा इलाज चालतो तो फक्त पहिल्यावर. लष्करी रायफलीची गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने जाई, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून पुढे. तिचा कडकडाट सायलेन्सर लावूनही मैदानभर ऐकू येई. नेमबाज नेमका कुठे बसला आहे हे तेवढे कळेनासे होई आणि खांद्याला बसणारा धक्का कमी होई. हे लाभ लहान नव्हते, पण ‘सायलेन्सर’ या नावाने जे वचन दिले होते ते नव्हेत.

ते वचन जवळजवळ पाळले गेले ते एकाच ठिकाणी, ‘पॉइंट टू टू’ म्हणजे .२२ इंच व्यासाच्या चिमुकल्या काडतुसात. हे ‘रिमफायर’ जातीचे काडतूस. मोठ्या काडतुसात बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी असते. यात ठिणगीचे द्रव्य बुडाच्या पातळ कडेतच भरलेले असते आणि घोडा त्या कडेवर बसतो. गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम, दारू तर ग्रॅमचा दहावा हिस्सा वा त्याहूनही कमी. वायूच इतका थोडा की लहान नळकांड्यातही तो मावतो आणि निवतो. शिवाय पिस्तुलाची नळी आखूड असल्याने गोळीचा वेग बहुधा ध्वनीच्या खालीच राहतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. ठाण्याच्या मे महिन्यातील दुपारी तो सेकंदाला साधारण ३५० मीटर भरेल, कडाक्याच्या थंडीच्या मुलखात ३२० पर्यंत उतरेल. म्हणजे तेच काडतूस तिकडे कडाडेल आणि इकडे निमूट जाईल. रिव्हॉल्व्हरवर तर सायलेन्सर बसवणे बहुतेक व्यर्थच, कारण फिरती चकती आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनच वायू बाहेर पडतो. चित्रपटवाल्यांना एवढे तपशील कोण सांगणार!

आजची मोजमापे या तुलनेत नेमकेपणा आणतात. .२२च्या पिस्तुलाचा उघडा आवाज नळीजवळ १५५ ते १६० डेसिबलच्या घरात असतो. चांगल्या सायलेन्सरने तो ११५ ते १२० पर्यंत येतो. आकड्यांचा हा फरक लहान दिसला तरी डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची असते आणि १४० डेसिबलच्या वरचा एक धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो. म्हणून या फरकाला अर्थ आहे. पण ११५ डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. शिवाय दोन सायलेन्सरांमधील एखाद्या डेसिबलच्या फरकावर जाहिराती झडतात त्यात फारसा जीव नसतो. ध्वनिग्राहक कुठे ठेवला, हवा कशी होती, पहिली गोळी मोजली की पाचवी, यावर तो आकडा हलतो. पहिली गोळी नेहमी मोठ्याने वाजते, कारण नळकांड्यात आधीची ताजी हवा असते आणि तिच्यातील प्राणवायूवर उरलीसुरली दारू पुन्हा भडकते. .२२चे काडतूस मळही फार धरते. शिशाची आणि मेणाची पुटे आत चढत जातात. त्यामुळे उघडून साफ करता येणारा सायलेन्सर आणि कायमचा बंद सायलेन्सर यांतील फरक एक-दोन डेसिबलपेक्षा कितीतरी मोठा ठरतो. मॅक्सिम यांच्या काळातील पोलादी नळकांड्यांच्या जागी आता अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम आले आहे. तत्त्वात मात्र त्यांनी ओळखलेल्या गोष्टीपलीकडे फारशी भर पडलेली नाही.

पेटंट मिळाले ते वर्ष आपल्याकडेही पिस्तुलांनी गाजवले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राऊनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. त्या पिस्तुलांचा माग थेट लंडनपर्यंत, सावरकरांपर्यंत गेला. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या तरुणांना आवाज लपवायचा नव्हता. भरल्या नाट्यगृहात बार उडावा आणि तो साऱ्या हिंदुस्थानला ऐकू जावा, हाच तर हेतू होता. युरोप-अमेरिकेतील राज्यकर्त्यांना मात्र नेमकी उलट धास्ती वाटू लागली होती. आवाजच झाला नाही तर मारेकरी सापडायचा कसा? अमेरिकेतील काही राज्यांनी सायलेन्सरवर एका पाठोपाठ एक बंदी घातली. गुन्ह्यांत तो प्रत्यक्ष वापरला जाण्यापेक्षा कथा-कादंबऱ्यांत अधिक वापरला जात होता, पण भीतीला हिशेब पटत नाही. सुसंस्कृत शांततेसाठी काढलेले साधन मारेकऱ्याचे हत्यार म्हणून ओळखले जाऊ लागले, ही सल पर्सी यांच्या वाट्याला आली. त्यांच्या कंपनीने बंदुकीचे सायलेन्सर यथावकाश बंदच केले. १९३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सायलेन्सरच्या प्रत्येक व्यवहारावर दोनशे डॉलरचा कर आणि सक्तीची नोंदणी लादली, तेव्हा हा धंदा त्यांच्यापुरता संपलेला होता. दोनशे डॉलर ही त्या मंदीच्या काळात छाती दडपून टाकणारी रक्कम होती. ती नव्वद वर्षे तशीच राहिली. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आणला, नोंदणी मात्र कायम आहे.

भारतात प्रश्न इतका गुंतागुंतीचा नाही. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी बंदुकीची जोडसाधने शस्त्र नियमांनी प्रतिबंधित वर्गात टाकली आहेत. सामान्य परवानाधारकाला ती मिळत नाहीत. २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक पटकावले ते याच .२२च्या काडतुसावर. पण तिथे कानाचे रक्षण करायचे ते कानांवर पट्टा चढवून.

बंदुकीने केलेली निराशा पर्सी यांनी इंजिनावर भरून काढली. मॅक्सिम सायलेन्सर कंपनी जहाजांच्या, कारखान्यांच्या, वीजगृहांच्या डिझेल इंजिनांसाठी अजस्र सायलेन्सर बनवू लागली. १९३०च्या सुमारास तिने खिडकीत बसवायचे एक यंत्रही आणले. ते बाहेरची हवा गाळून आत घेई आणि रस्त्याचा गोंगाट बाहेरच ठेवी. महानगरातील माणसाला गोंगाटाची सवय होते असे म्हणतात, पण सवय होणे म्हणजे अपाय न होणे नव्हे, हे त्यांना त्या काळी उमगले होते.

खुद्द पर्सी यांना मात्र या सुमारास निराळ्याच आवाजाने झपाटले होते. बिनतारी यंत्राच्या कट्-कडाने. चिरंजीवांच्या निमित्ताने घरात शिरलेले हे वेड वडिलांनाच अधिक लागले. १९१४च्या एप्रिलमध्ये त्यांना एक ऑडिऑन नळी हवी होती आणि ती पन्नास किलोमीटरच्या आतल्या स्प्रिंगफील्ड गावातील एका हौशी बिनतारीवाल्याकडे होती. त्यांचे केंद्र चांगले ताकदवान असूनही संदेश तिथवर पोचेना. मधल्या विंडसर लॉक्स येथील एका ओळखीच्या माणसाने तो झेलला आणि पुढे फेकला. एवढ्याशा प्रसंगातून पर्सी यांनी ताडले की गावोगावच्या अशा हौशी मंडळींची साखळी बांधली तर संदेश साऱ्या देशभर नेता येईल. क्लॅरन्स टस्का या कोवळ्या वयाच्या सहकाऱ्याला घेऊन त्यांनी त्याच वर्षी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ स्थापन केली. १९१५च्या डिसेंबरात ‘क्यूएसटी’ हे मासिक सुरू झाले आणि १९२५ मध्ये पॅरिस येथे जागतिक संघटना उभी राहिली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पहिल्या महायुद्धात सरकारने हौशी केंद्रे बंद केली होती. युद्ध संपल्यावर ती पुन्हा खुली व्हावीत म्हणून वॉशिंग्टनच्या दारी खेटे घालणाऱ्यांत तेच पुढे होते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीने कल्याणला वेढले आणि दूरध्वनी मुके झाले, तो दिवस ज्यांनी अनुभवला त्यांना या साखळीचे मोल निराळे सांगायला नको. भारतातही केंद्र सरकारची परीक्षा देऊन ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम घेणारे हॅम आहेत. त्यांची वंशावळ हार्टफर्डच्या त्या न पोचलेल्या संदेशाशी जाऊन भिडते.

‘क्यूएसटी’च्या पानांवर ‘म्हातारबुवा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने एक खट्याळ लेखक नव्या पोरांच्या बेशिस्त प्रक्षेपणावर यथेच्छ कोरडे ओढत असे. हवेत कुणी कुणाचे ऐकत नाही, सारेच एकदम कोकलतात, अशी त्याची तक्रार असायची. हा लेखक कोण यावर वाचकांत पैजा लागत. ते स्वतः अध्यक्षच होते, ही गोष्ट उघड झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. गोंगाटाशी त्यांचे वैर असे तिथेही सुटले नव्हते. १९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांची संघटना काढली, विमानोड्डाणाच्या हौसेपायी हार्टफर्डच्या विमानतळासाठी धडपड केली, विश्वातील जीवसृष्टीवर १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. एवढ्या आवडी एकाच माणसात पाहिल्या की त्याला उथळ म्हणण्याचा मोह होतो. पण प्रत्येक ठिकाणी त्यांनी संस्था मागे ठेवली.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला यातील धुराड्याचा भाग सर्वांत जवळचा वाटेल. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. त्या नियमातील व्याख्येत वायूला पसरायला जागा देणाऱ्या कोठडीचा उल्लेख आहे, म्हणजे मॅक्सिम यांच्या नळकांड्यातली तीच युक्ती. भारनियमनाच्या वर्षांत सोसायट्यांच्या आणि दुकानांच्या दारी जी जनरेटरे आली, त्यांना एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा घालण्यात आली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांची अपेक्षा आहे. ती अमलात यावी म्हणून ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांना जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात जावे लागले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने त्यावर सविस्तर निकाल दिला आणि नको असलेल्या आवाजापासून मुक्त राहणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. दुसरीकडे नव्या कोऱ्या बुलेटचा कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढून फटाक्यासारखा फुटणारा बसवण्यासाठी तरुण पदरचे पैसे मोजतात. अशा जप्त सायलेन्सरांच्या राशींवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे राज्यातील अनेक शहरांतून प्रसिद्ध झाली आहेत. एका माणसाने आयुष्य घालून कोंडलेला आवाज अशा रीतीने विकत घेऊन मोकळा केला जातो.

१९३६च्या फेब्रुवारीत पर्सी सपत्नीक कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळा पाहायला निघाले. वाटेतच घशाच्या विकाराने ते आजारी पडले. कोलोरॅडोतील ला हुंटा या आडवाटेच्या रेल्वे स्थानकावर त्यांना उतरवून रुग्णालयात नेण्यात आले आणि १७ फेब्रुवारी रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. मेरीलँडमधील हेगर्सटाउन या पत्नीच्या गावी त्यांचे दफन झाले. वडिलांवरचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मोटारीच्या आद्य दिवसांच्या आठवणी पुढच्या वर्षी आल्या. त्यांचे ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’ हे संकेतनाम लीगच्या केंद्राला देण्यात आले आणि त्या नावाने आजही प्रक्षेपण होते.

.२२च्या पिस्तुलाची गोष्ट मात्र त्यांच्या मागेही चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला आवाज न करणारे शस्त्र हवे होते. नाना नमुन्यांची तुलना होऊन निवड झाली ती हाय स्टँडर्ड कंपनीच्या .२२ पिस्तुलाची. योगायोग असा की ही कंपनीही कनेक्टिकटचीच, हार्टफर्डपासून तासाभराच्या अंतरावरची. सायलेन्सरची आखणी बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणजे जिथे डेसिबल जन्माला आला त्याच घरी. १ मे १९६० रोजी सोव्हिएत आकाशात यू-२ हे टेहळणी विमान पाडण्यात आले, तेव्हा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याकडे असेच एक पिस्तूल सापडले. मॉस्कोत विमानाच्या अवशेषांसमवेत ते लोकांना दाखवण्यासाठी मांडण्यात आले. हौशी गृहस्थांच्या परसातून निघालेले ते नळकांडे दोन महासत्तांच्या भांडणात पुरावा म्हणून काचेआड गेले होते. मॅक्सिम या नावाने सायलेन्सर अजूनही बनतात, पण ते मोठमोठ्या इंजिनांचे आणि कारखान्यांतील धुराड्यांचे.